युरियाचं पाणी गार का होतं?



वसतिगृहाविषयी बोलायचं म्हटलं की तांदूळ, ब्लँकेटं, औषधं यांचा हिशेब तुम्हांला अपेक्षित असतो. आज मी रसायनशास्त्राच्या दोन गणितांविषयी बोलणार आहे. हसू नका!

आपली मुलं नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यांवरची. घरी भिली किंवा पावरी, दहावीपर्यंत शाळेत मराठी, आणि अकरावीला विज्ञान घेतलं की पुस्तक एकदम इंग्रजी. तिसऱ्या भाषेतलं ‘हीट ऑफ सोल्यूशन’ वाचून मूल गप्प बसतं आणि लोक म्हणतात, यांना विज्ञान झेपत नाही. अक्राणी तालुक्यातल्या एका मुलीने विज्ञान सोडायचं ठरवलंच होतं.

माझं शिक्षण ईश्वरज्ञानाचं. पण आपल्या मंडळीतल्या एक निवृत्त शिक्षिका दर शनिवारी येतात. बाईंनी तिला पुस्तक मिटायला लावलं आणि विचारलं, “युरिया पाण्यात कालवलास तर हाताला कसं लागतं?”

“गार,” ती लगेच म्हणाली.

मग 100 ग्रॅम पाण्यात 6 ग्रॅम युरिया टाकला. तापमान 28 अंशांवरून साडेचोवीसवर आलं. द्रावण 106 ग्रॅम, विशिष्ट उष्माधारकता पाण्याचीच 4.18 धरली, फरक साडेतीन. गुणाकार सुमारे 1550 ज्यूल. युरियाचा एक मोल 60 ग्रॅमचा, म्हणजे 6 ग्रॅम हा त्याचा दहावा भाग. उत्तर, एका मोलला साधारण साडेपंधरा किलोज्यूल. इथे बरीच मुलं उणे चिन्ह लावतात, कारण तापमान उतरलं ना! पण पाण्याने गमावलेली उष्णता युरियाने विरघळताना घेतली, म्हणून चिन्ह अधिक. याला उष्माग्राही म्हणतात.

दुसरं गणित हॅलोजनांचं. क्लोरीन विषारी, म्हणून हे फक्त कागदावर. पण विहिरीत टाकायच्या टीसीएल पावडरचा वास मुलांना ठाऊक आहे. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात क्लोरीन सोडला तर तो आयोडीनला बाहेर काढतो आणि द्रावण तपकिरी होतं. उलट होत नाही. एक मुलगा म्हणाला, “बाजारच्या दिवशी जीपमध्ये दांडगा माणूस दुसऱ्याला उठवतो तसं.” दाखला मला आवडला. बाईंना अर्धाच पटला; त्या म्हणाल्या, भांडण जागेचं नाही, इलेक्ट्रॉनचं आहे.

गणित होतं: 3.32 ग्रॅम आयोडाइडला क्लोरीन किती लागेल? त्या मुलीचं पहिलं उत्तर 1.42 ग्रॅम आलं. बाईंनी चूक दाखवली नाही, दोन्ही बाजूंचं वजन करायला सांगितलं. आयोडीन 2.54, पोटॅशियम क्लोराइड 1.49, मिळून 4.03. तिच्या डाव्या बाजूला भरले 4.74. बराच वेळ ती वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “क्लोरीनच्या एका रेणूत दोन अणू. एक रेणू दोघांना पुरतो.” 1.42 खोडून तिने 0.71 लिहिलं.

ती आता बारावीला आहे, विज्ञानातच. फेब्रुवारीतल्या परीक्षेसाठी तिची आठवण प्रार्थनेत ठेवा. बाईंचे गुडघे आता घाट चढू देत नाहीत. थर्मामीटर एकच आहे. तुमच्यापैकी कोणी विज्ञान शिकवलं असेल आणि महिन्यातले दोन शनिवार देऊ शकत असाल, तर उपासनेनंतर मी दाराशीच उभा आहे.