यकृताला उसंत



मराठीत काळीज म्हणजे हृदय. परंतु खाटकाच्या दुकानातली कलेजी म्हणजे यकृत. या दोन अवयवांचे नाते शब्दापुरतेच नाही. हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्ताचा सुमारे चौथा हिस्सा यकृतातून वाहतो. म्हणूनच यकृतावर सुरी चालवणे दीर्घकाळ जवळजवळ अशक्यप्राय मानले गेले.

ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी 1908 मध्ये एक साधा उपाय मांडला. अपघातात फाटलेल्या यकृताचा रक्तस्राव थांबवण्यासाठी त्यांनी आतड्यांकडून येणारी पोर्टल शीर आणि यकृताची धमनी ही दोन्ही अंगठा व बोट यांच्या चिमटीत धरली. रक्त थांबले, रुग्ण मात्र वाचले नाहीत. हे अपयश न झाकता प्रिंगल यांनी ते सशांवरील प्रयोगांसह प्रसिद्ध केले. इतकी प्रांजळ नोंद विरळाच! आज जगभर यकृताच्या शस्त्रक्रियांत ही युक्ती त्यांच्याच नावाने वापरली जाते.

मात्र या चिमटीत यकृताची उपासमार होते. रक्त अडले की पेशींना प्राणवायू मिळत नाही. त्याहून विलक्षण असे, की रक्त परत आल्यावरही पेशींना नव्याने इजा होते. यासाठी साधारणपणे 15 मिनिटे प्रवाह अडवून 5 मिनिटे मोकळा सोडतात आणि हेच चक्र पुन्हा चालवतात. शस्त्रक्रियागृहात कोणीतरी ही मिनिटे मोजत असते. चिमटा येणारे रक्त अडवतो. यकृतातून बाहेर जाणाऱ्या शिरांतून उलटे येणारे रक्त त्याला अडवता येत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ सलाइन हात राखून देतात आणि मोठ्या शिरांतील दाब कमी ठेवतात. शल्यविशारदाचे नाव घरोघर होते. हे काम पडद्याआडच राहते.

चरबी साठलेले किंवा सिरोसिसने कडक झालेले यकृत ही उपासमार कमी सोसते. शस्त्रक्रिया पोटातल्या दुसऱ्याच अवयवाची असली, तरी भूल आणि रक्तदाबातील उतार यांचा ताण अशा यकृतावर पडतोच. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ चौकशी करतात, त्या वेळी पूर्वी झालेली कावीळ, अंगदुखीवर सतत घेतलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या, वैदूचे काढे आणि घरातल्या कर्त्या पुरुषाचे मद्यपान हे सारे सांगितले पाहिजे. यातले शेवटचे उत्तर बहुधा पत्नीच्या तोंडून येते, तेही नवरा खोलीबाहेर गेल्यावर.