पावसाळ्यातली कोरडी जागा



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घराची निम्मी कौलं उडाली. वाडीतल्या पोफळी कंबरेत मोडल्या. पाऊस डोक्यावर होता. घाईघाईनं छपरावर निळी ताडपत्री ओढली. मोडकी लाकडं, झावळ्या, फुटकी कौलं मागच्या भिंतीला लावून रचली. अंगण मोकळं झालं म्हणून बरंही वाटलं. महिन्याभरानं काकू चुलीसाठी त्या ढिगातलं लाकूड ओढायला गेली आणि विंचवानं तिला नांगी मारली.

त्या दिवसापासून मी पावसाळ्यातल्या घराकडे वेगळ्या नजरेनं बघते. बिळांत पाणी भरलं की विंचू, गोम, उंदीर, साप कोरडी जागा शोधत निघतात. आम्ही ती जागा घराच्या भिंतीला टेकवूनच तयार करून ठेवली होती. म्हणून आज कीटकनाशकांच्या फवाऱ्यांबद्दल मी फारसं बोलणार नाही. घरातला ढीग, घरातली फट आणि घरातलं साचलेलं पाणी, यांच्याबद्दल बोलणार आहे.

आधी ढीग. लाकडं, गोवऱ्या, विटा, कौलं भिंतीपासून चार पावलं दूर आणि जमिनीपासून उंचावर ठेवा. दोन दगडांवर आडव्या फळ्या टाकल्या तरी पुरतं. लाकूड काढताना आधी काठीनं हलवा. हात आत घालू नका, आणि रात्री तर नकोच. पडवीत ठेवलेल्या चपला, गमबूट झटकल्याशिवाय पायात घालू नका.

विंचू चावला तर मंतरत, पाला चोळत बसू नका. कोकणातला लाल विंचू लहान दिसतो, पण त्याचं विष हृदयावर जातं. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, ही त्याची लक्षणं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. त्याआधी विंचवानं माणसं दगावणं कोकणात नवलाचं नव्हतं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काकूला आम्ही लगेच सरकारी दवाखान्यात नेलं. दोन दिवसांत ती घरी आली.

आता फटी. करंगळी शिरेल एवढं भोक लहान उंदराला पुरतं. मोरीच्या तोंडाला जाळी आहे का, ती गंजून एका कोपऱ्यात उचकटली आहे का, हे आज वाकून बघा. झुरळंही याच वाटेनं वर येतात. घुशीचं बीळ नुसत्या मातीनं बुजवलं तर ती रात्रीत परत उकरते. काचेचे तुकडे घालून सिमेंटनं बुजवावं लागतं. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावली की गोम, पैसा किडा, बेडूक सगळेच बाहेर राहतात.

उंदराकडे दुर्लक्ष करू नका असं मी इतक्या कळकळीनं सांगते, त्याला कारण आहे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात, चिखलात मिसळतात आणि पायावरच्या साध्या खरचटण्यातून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईत या तापानं माणसं गेली. भातलावणीच्या दिवसांत तो कोकणातल्या खेड्यांतही येतो. पुराच्या पाण्यातून चालून आला असाल आणि पुढच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर साधा ताप समजून अंगावर काढू नका. पाण्यातून चालत आलो होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

उंदरासाठी विषापेक्षा पिंजरा बरा. विष खाल्लेला उंदीर माळ्यावर कुठेतरी मरतो आणि आठ दिवस घरात कुजका वास राहतो, हा त्रास आहेच. पण उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट लहान मुलाच्या पोटात गेली तर यकृत निकामी होतं, आणि तिच्यावर खास असा उतारा नाही. मुलं असलेल्या घरात ती आणूच नका, असं मी हात जोडून सांगते.

उंदीर असले की मागोमाग साप येतो. घराभोवती कार्बोलिक ॲसिड शिंपडण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याच्यावर विसंबू नका. खरकटं उघड्यावर नसलं, उंदीर हटले, अंगणातलं गवत कापलेलं असलं, की सापाला घरात काही काम उरत नाही. मण्यार मात्र वेगळी. ती रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर पुष्कळदा त्याला कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अशा वेळी चाव्याची खूण शोधत वेळ घालवू नका, प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठा. जखम कापायची नाही, दोरी आवळायची नाही. झोपताना शक्यतो खाट वापरा. खाट नसली तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. डास आणि मण्यार, दोन्ही त्या एका जाळीबाहेर राहतात.

आणि साचलेलं पाणी. वादळानंतर आमच्या छपरावरची ताडपत्री दोन महिने तशीच होती. तिच्या खोळीत तांब्या-तांब्या पाणी साचायचं. एकदा दुरुस्तीला शिडी लावली, तर त्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास गटारात नाही, असल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. करवंटी, टायर, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, काहीही त्याला चालतं. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात, ते याच हिशेबानं. पण पिंप नुसतं ओतून देऊ नका. या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून सोडणानं किंवा काथ्यानं आतली भिंत खसखसून घासा, मग उपडं घालून वाळवा. विहिरीत, मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडा. आरोग्य केंद्रात विचारलंत तर ते मिळू शकतात.

धान्याचं तुम्हा बायकांना मी काय सांगू. आगोटीची खरेदी झाली की उन्हं देणं, तुरीला एरंडेल चोळणं, वालाला राख लावणं, हे सगळं तुमच्या हातात मुरलेलं आहे. एवढंच सांगते की डब्यात ओला हात, ओला चमचा गेला की टोक्यांना आमंत्रण. आणि बोरिक पावडरीच्या गोळ्या झुरळांसाठी ओट्याखाली ठेवा, धान्याच्या डब्याजवळ नकोत.

काकू आता बरी आहे. लाकडांचा ढीग आम्ही माडाच्या पलीकडे हलवला, खाली दगड घातले. काकू अजूनही लाकूड आणायला स्वतःच जाते. एका हातात कोयती असते, दुसऱ्या हातात लांब काठी. ढिगावर तीन वेळा काठी आपटते, थोडी थांबते, आणि मगच वाकते.