टोळी निघायच्या आधी बँकेत जा

दसरा झाला की आपल्या ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. धारूर, वडवणी, पाटोद्याच्या वस्त्यांवर मागं उरतात म्हातारी माणसं. कापसाचे, सोयाबीनचे पैसे वडलांच्या एकट्याच्या खात्यात, आणि पोरगा-सून सांगली-कोल्हापूरकडं उसाच्या फडात. अशात वडलांना पक्षाघात झाला, शुद्ध हरपली, तर दवाखान्यासाठी पैसे कोण काढणार?

तुम्ही म्हणाल, वारस लावलाय की! अहो, खात्यावरचा वारस, म्हणजे नॉमिनी, खातेदार गेल्यावर कामाला येतो. खातेदार जिवंत असताना नाही.

मग मुखत्यारपत्र करून ठेवू? इथं नीट ऐका. मुखत्यारपत्र म्हणजे गाडीवानानं शेजाऱ्याच्या हातात कासरा देणं. गाडीवान शुद्धीवर आहे, तोवर तुम्ही हाका. पण 1872 च्या करार कायद्याचं कलम 201 सांगतं, की देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्याराचा अधिकारही संपला. ज्या दिवशी गरज, त्याच दिवशी कासरा सुटला! इंग्लंडात बुद्धी गेल्यावरही चालणारा कागद करता येतो. आपल्याकडं तशी सोय नाही.

म्हणून कासरा आधीपासूनच दोघांच्या हातात हवा. खातं जोडनावाचं करा आणि 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो', म्हणजे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', हेच लिहून घ्या. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' नको. त्यात पहिला हयात आहे तोवर दुसऱ्याला पैसे काढता येत नाहीत. दुसरं नावही गावात राहणाऱ्याचं घाला. पोरगा फडात असेल तर आईचं घाला. ती अंगठा लावत असेल म्हणून तिला वगळू नका. मात्र ज्याचं नाव घालाल तो सगळी रक्कम काढू शकतो, तेव्हा माणूस पारखून घ्या.

अंथरुणाला खिळलेला माणूस शुद्धीवर असेल तर बँक दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन पैसे देते. त्यातला एक बँकेचाच जबाबदार माणूस लागतो. तशी विनंती करायला लाजू नका. पण शुद्धच नसेल, तर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठापर्यंत जायची पाळी येते. वकील, तारखा, आणि इकडं दवाखान्याचं बिल वाढतंय.

पुन्हा सांगतो, मुखत्यारपत्रावर विसंबू नका.  ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायच्या आधी, वडलांची सही चालते आहे तोवर, दोघांची आधार कार्डं आणि पासबुक घेऊन त्यांना शाखेत घेऊन जा.