गोळीच्या नावामागची अक्षरे



खानदेशात थंडी पडली की भरताच्या पंगती बसू लागतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, ठेचलेली हिरवी मिरची, वर तेलाची धार आणि कळण्याची भाकरी. लग्नसराईत वरण-बट्टी असते, शेवभाजी तर बारा महिने. खाणाऱ्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते, "भाऊ, पित्तनी गोयी दे."

मी औषधविक्रेता आहे. आधी धुळ्याच्या आग्रा रोडवर नोकरी केली, आता जळगावात दुकान आहे. दोन्ही गावांत या वाक्यावर मी एकच प्रश्न विचारत आलो, "कोणती गोळी?" उत्तर बहुतेक वेळा येते, "तीच, नेहमीची." आज या 'नेहमीच्या' गोळीबद्दल बोलायचे आहे, कारण तिच्यात एक नव्हे, दोन औषधे असतात.

पहिले औषध जठरातील आम्ल कमी करणारे. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल ही त्याच घराण्यातली नावे. दुसरे औषध जठर पुढे ढकलणारे आणि मळमळ थांबवणारे. ते बहुधा डोमपेरिडोन असते, कधी लेव्होसल्पिराइड, कधी इटोप्राइड. कंपनीच्या नावापुढे 'डी', 'डीएसआर', 'एल' अशी अक्षरे लागतात ती या दुसऱ्या पाहुण्याची. मात्र ही अक्षरे सगळ्या कंपन्यांची सारखी नसतात. म्हणून खरी ओळख पट्टीच्या मागे, बारीक अक्षरांत छापलेली घटकद्रव्ये हीच.

दुसऱ्या पाहुण्याची ओळख कशाला हवी? डोमपेरिडोनमुळे काही लोकांच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. हे क्वचितच घडते, पण घडले तर जिवावर बेतते. साठीच्या पुढचे लोक आणि दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेणारे यांना धोका अधिक. २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी हे औषध फक्त मळमळ-उलटीसाठी, मोठ्यांना १० मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि सहसा एक आठवड्याच्या आतच द्यावे, असे ठरवले. पोट फुगणे, छातीत जळजळणे यासाठी ते देऊ नये, असेही सांगितले. आपल्याकडच्या 'डीएसआर' कॅप्सूलमध्ये सावकाश सुटणारे ३० मिलिग्रॅम डोमपेरिडोन असते आणि अनेक जण ती महिनोन्‌महिने घेतात.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या दिवसांत जुलाब-उलट्या झाल्या की अंगातले पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी होते आणि अशा वेळी ठोके बिघडण्याची शक्यता वाढते. आम्ल कमी करणारे औषध वर्ष-वर्ष घेतल्यानेही काहींचे मॅग्नेशियम उतरते. म्हणजे एकाच कॅप्सूलमधले एक औषध दुसऱ्याचा धोका वाढवू शकते. शिवाय एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके किंवा बुरशीवरची काही औषधे चालू असतील, तर डोमपेरिडोन टाळावे लागते. घसा दुखतो म्हणून एका डॉक्टरकडे आणि पोटासाठी दुसऱ्याकडे गेलात, तर दोन्हीकडे आधीची चिठ्ठी दाखवा.

लेव्होसल्पिराइडची गोष्ट वेगळी. ते मेंदूपर्यंत पोहोचते. वयस्कर माणसांत त्याने हात कापणे, चाल मंदावणे, चेहरा निर्विकार होणे असे कंपवातासारखे त्रास होऊ शकतात. बायकांची पाळी चुकू शकते, स्तनातून दूध येऊ शकते. अमळनेरकडचे एक काका जुन्या चिठ्ठीवर कित्येक महिने हीच कॅप्सूल घेत होते. पैसे देताना त्यांचा हात थरथरत होता. घरचे म्हणत होते, "वय झालं." पट्टीची मागची बाजू वाचून मी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवले. डॉक्टरांनी औषध थांबवले आणि पुढच्या काही महिन्यांत थरथर बरीच उतरली. वय तेवढेच होते, औषध बदलले होते.

दोन औषधे एकत्र आली की ती दुप्पट चांगली, असे नसते. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली. प्रकरण न्यायालयात गेले, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणांवर बंदीचे आदेश निघाले. त्यांत डझनाहून अधिक पाचक एन्झाइम एकत्र केलेले एक मिश्रणही होते. पित्ताची ही कॅप्सूल बंद झालेली नाही. ती कामाचीही आहे, पण ज्याला दोन्ही औषधांची गरज आहे त्यालाच. नुसती जळजळ असेल तर बहुतेकांना आम्लाचे एकटे औषध पुरते.

आता लक्षात ठेवण्याच्या चार गोष्टी. कॅप्सूल नाश्त्याच्या अर्धा तास आधी, पाण्याबरोबर, न चावता, न फोडता घ्या. "किती दिवस घ्यायची?" हे डॉक्टरांना विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. हृदयविकार, यकृताचा आजार, गरोदरपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी सांगा. आणि महिनोन्‌महिने चालू असलेली गोळी एकदम तोडू नका. आम्ल उसळी मारते आणि माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारे औषध किंवा संधिवाताच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना आम्लाचे औषध जठराच्या रक्षणासाठी दिलेले असू शकते. त्यांनी ते स्वतःच्या मनाने बंद करू नये.

काही वेळा मात्र गोळी घेऊन वाट पाहायची नसते. काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, ही पित्ताची लक्षणे समजू नका. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर तो 'गॅस' ठरवून घरी बसू नका, १०८ ला फोन करा. गोळी घेतल्यावर धडधड झाली, भोवळ आली, तरी गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा. औषधाचा दुष्परिणाम वाटला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही तो कळवता येतो.

पुढच्या वेळी दुकानात याल तेव्हा "पित्ताची गोळी द्या" म्हणू नका. चिठ्ठी आणा, नाहीतर निदान रिकामी पट्टी तरी आणा. दुकानदाराने "कोणती?" आणि "किती दिवसांपासून?" असे विचारले तर रागावू नका.