लाईनवर निघालेल्या पोरांशी

(वस्तीतल्या वाचनालयात हेवी लायसन काढू बघणाऱ्या पोरांसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. शिव्या तेवढ्या कमी केल्यात.)

दोस्तांनो,

आधीच सांगून टाकतो, मला ट्रक चालवता येत नाही. मी गोदीत पोती उचलतो. ट्रक भरतो. तेव्हा हा कोण आम्हाला अक्कल शिकवणार, असं ज्याच्या मनात आलं असेल त्याचं चूक नाही. पण भरणाऱ्याला एक गोष्ट दिसते, ती चालवणाऱ्याला दिसत नाही. गाडी शेडला लागली की ड्रायव्हर स्टेअरिंगवर डोकं टाकतो. आम्ही पोती टाकतो, तो झोपतो. शेवटचं पोतं पडलं की फाळक्यावर दोन थापा मारून आम्हीच त्याला उठवतो. रोज अशी चार-पाच तोंडं मी उठवतो. डोळे लाल, ओठाच्या कोपऱ्यात गुटख्याचा वाळलेला रस. गाडी भरायला लागला तेवढाच वेळ त्याची झोप. आणि मुकादम ओरडतो, हात उचला रे! आम्ही जेवढा हात उचलू तेवढी त्याची झोप कमी.

दुसरं म्हणजे, मी काही महिने लाईनवर होतो. २०१९ साल. दहावी झालेली, वय अठरा, क्लीनर म्हणून चढलो. दहा चाकी गाडी, मुंबई-इंदूर, आग्रा रोड. इथून गोदीतला परदेशी मसूर न्यायचा, तिकडे डाळ मिलला खाली करायचा, येताना मिळेल तो माल. उस्ताद बीडकडचा. चांगला माणूस. दारू नाही, बाई नाही. गिअर टाकायचा तो असा की झोपलेल्या माणसाला कळू नये. त्यानेच मला दोर बांधायला शिकवलं, टायरवर पाना मारून आवाजावरून हवा ओळखायला शिकवलं. आणि क्लीनरचं खरं काम कोणतं तेही त्यानेच सांगितलं. तो म्हणाला, "पोऱ्या, काच पुसणं, टायर ठोकणं हे सगळं खोटं. रात्री दोन ते पाच माझ्याशी बोलत राहायचं. हा तुझा पगार."

त्या साली डिसेंबरात आम्ही इंदूरहून परत येत होतो. जाणं-येणं, खाली करणं, भरणं धरून तिसरी रात्र. मालकाचा फोन दर दोन तासांनी. कुठं पोचला? अजून तिथंच? धुळं गेलं, मालेगाव गेलं. चांदवडच्या अलीकडे पहाटे चारच्या सुमाराला रस्त्याच्या कडेला कांद्याची ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. उस्तादचे डोळे उघडे होते म्हणे. म्हणे म्हणतो, कारण मी बघितलं नाही. मी झोपलो होतो. बोलायचा पगार घेणारा माणूस झोपला होता.

ब्रेक लागलाच नाही. डाव्या बाजूला मी होतो, मला खरचटलं. गाडी अशी फिरली की ट्रॉलीचा कोपरा त्याच्या बाजूने आत आला. कांदे सगळ्या रस्त्याभर. उस्तादचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला.

मालकाला फोन मी केला. त्याने पहिलं विचारलं, गाडी किती लागली? दुसरं विचारलं, माल? तिसरा प्रश्न आला नाही.

म्हणून मी आज बोलतोय. लायसन कसं काढायचं ते एजंट सांगेल. म्हणजे, तेही थोडक्यात ऐका, नाहीतर तो पैसे खाईल. ट्रकच्या लायसनला वय २० पूर्ण लागतं, आणि त्याआधी हलक्या गाडीचं लायसन एक वर्ष जुनं लागतं. आठवीची अट २०१९ मध्ये निघाली. आठवीच्या बोगस दाखल्यासाठी कुणी पैसे मागितले तर त्याला वाटेला लावा. ज्वलनशील, धोकादायक माल न्यायचा तर वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी नोंद. झालं. आता मुद्द्यावर येतो.

मुद्दा झोपेचा आहे. तुम्ही समजता तुम्ही ड्रायव्हिंग विकणार आहात. नाही. ड्रायव्हिंगला भाव नाही. मालक विकत घेतो ती तुमची झोप. पगार बारीक ठेवायचा आणि फेरीवर भत्ता लावायचा, ही त्याची युक्ती. महिन्यात जितक्या जास्त फेऱ्या तितके पैसे. मग तो कशाला सांगेल जागा राहा म्हणून? तुमचं तुम्हीच जागता. आपल्या पोटाच्या हाताने आपल्याच डोळ्यांत मिरची घालून घेता.

कायदा काय म्हणतो? १९६१ सालचा मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अॅक्ट होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. सलग पाच तासांपुढे हाकायचं नाही, अर्धा तास विश्रांती. आता तो कायदा नव्या संहितेत गेला, ती २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. तिच्यातही दिवसाला आठच तास. हे ४८ कुणी आभाळातून टाकलेले नाहीत. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे सभासद होते, तेव्हा १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारं बिल त्यांनी मांडलं. कारखान्याला भिंत असते, घड्याळ असतं, भोंगा असतो. रस्त्याला भोंगा नाही. आठ तास झाले हे धुळ्याच्या पुढे अंधारात कोण सांगणार?

पण एक कागद सांगतो. ई-वे बिल. पन्नास हजारांच्या वरचा माल त्याच्याशिवाय सहसा हलत नाही. त्याच्यावर मुदत छापलेली असते. आम्ही लाईनवर होतो तेव्हा १०० किलोमीटरला एक दिवस धरायचे. १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस. म्हणजे पळा म्हणून सरकारनेही चाबूक ओढला. तरीसुद्धा हिशेब करा. मुंबई-इंदूर सुमारे ६०० किलोमीटर. तीन दिवस! सरकारी कागदावर तीन दिवस लिहिलेत आणि मालक म्हणतो उद्या सकाळी पोचला पाहिजेस. माल कुजत नाही, मसूर आहे तो. कॅनडातून जहाजाने कित्येक आठवडे पाण्यावर आला, तेव्हा कुणाला घाई नव्हती. गोदीच्या गेटमधून बाहेर पडला, आपल्या पोराच्या हातात आला, आणि एकदम घाई! गाडी वाटेत बंद पडली तर मुदत संपायच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास, एवढ्यात ट्रान्सपोर्टवाल्याला ती वाढवून घेता येते. तेव्हा "बिल संपतंय, हाण" असं तो म्हणाला तर त्याला हे सांगा. त्याला माहीत असतं. तुम्हाला माहीत आहे हे त्याला माहीत नसतं.

झोप आली की काय करायचं? चहा पिऊन लगेच स्टेअरिंगवर बसू नका. चहा चढायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. चहा प्या आणि तेवढा वेळ आडवे व्हा. गाडी रस्त्याच्या कडेला नाही, पंपावर नाहीतर ढाब्यावर लावून. कडेला लावलेली गाडी म्हणजे दुसऱ्या कुणाची कांद्याची ट्रॉली. गोळ्या, डोडा, भुक्की कुणी पुढे केली तर घेऊ नका. ती झोप घालवत नाही, झोपेची उधारी वाढवते. शिवाय त्या डोड्यावर १९८५ चा नशेच्या पदार्थांचा कायदा लागतो, पकडले गेलात तर मालक ओळख दाखवणार नाही. आणि आता बऱ्याच गाड्यांवर क्लीनर ठेवतच नाहीत. तुमच्याशी बोलायला कुणी नसेल. मोबाईलवर बोलून काम भागत नाही, डोळे त्याच्यात जातात.

दुसरी चोरी डिझेलची. म्हणजे मालक चोर म्हणतो तुम्हाला, पण पद्धत त्याचीच. फेरीला डिझेल ठरवून देतो, वाचलं ते तुझं म्हणतो. मग उतार आला की हात आपोआप न्यूट्रलवर जातो. कुणी कुणी तर इंजिनच बंद करतात. पोरांनो, हे नीट ऐका. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. न्यूट्रल केलं की ते सगळं वजन एकट्या ब्रेकवर. लायनर तापतात, तापले की धरत नाहीत. इंजिन बंद असेल तर कंप्रेसर बंद, दर वेळी पाय मारला की टाकीतली हवा कमी, काटा खाली. पॉवर स्टेअरिंग दगड होतं. पुण्याला कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे जो उतार आहे, तिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच गाडीने वीसहून जास्त वाहनं ठोकली. तो रस्ता डोळ्याला सपाट वाटतो, म्हणूनच वाईट. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सेंधव्याकडे बिजासनच्या घाटात देवीचं देऊळ आहे, ड्रायव्हर थांबतात, नारळ फोडतात. मी नारळ फोडणारा नाही. पण उस्ताद म्हणायचा, देवी काय करते ठाऊक नाही, दहा मिनिटं ड्रम मात्र थंड होतात.

आता माझ्या धंद्यातलं. भार. आम्ही पोतं पन्नास किलोचं टाकतो. वीस पोती म्हणजे एक टन. दहा चाकी गाडीला मालासकट २८.५ टन परवानगी आहे, २०१८ साली वाढवलेली, पण तुमच्या गाडीच्या आरसीत काय लिहिलंय ते बघा. रिकाम्या गाडीचं वजनही तिथंच असतं. ते वजा करा, उरेल त्याला वीसने गुणा. तेवढी पोती. त्याच्यावर एकही पडत असेल तर खाली उतरून मुकादमाला विचारा. लाजू नका, आम्हाला राग येत नाही. ओव्हरलोडला २०,००० दंड आणि वर प्रत्येक टनाला २,०००. आणि काट्यावर गाडी न थांबवता पळालात तर ४०,०००. मालक म्हणेल, मी बघून घेतो. पण घाटात तो नसतो, ती पोती तुमच्या पाठीवर असतात. आणि गाडी भरणं-खाली करणं तुमचं काम नाही. त्याला महाराष्ट्रात १९६९ सालचा माथाडी कायदा आहे, हमाल आहेत. व्यापारी वाराई तुमच्या खर्चीतून काढायला बघतो. निघायच्या आधी ठरवून घ्या ती कोणाची. आणि हमालाशी भांडू नका, तोही आपलाच बाप-भाऊ असतो.

कविता लिहिणारे आमचे काही मित्र ट्रकवर लिहितात. रात्र, हायवे, टेललाईट, वगैरे. त्यांतल्या एकाचीही ताडपत्री पावसात सुटलेली नाही.

एक गोष्ट बोलू की नको असं चाललं होतं. बोलतो. लाईनवर जात नसते असं लोक म्हणतात. बाजेवर सगळे सारखे झोपतात, एकाच ताटात खातात. पुष्कळदा खरंय ते. पण एका ढाब्यावर मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याने काही म्हटलं नाही, फक्त माझं ताट दुसऱ्या नळावर धुवायला लावलं. उस्ताद उठला, अर्धी भाकरी टाकून, पैसे ठेवले आणि गाडी काढली. तो आपल्यातला नव्हता. त्यानंतर त्या ढाब्यावर आम्ही कधी थांबलो नाही, पुढचा ढाबा चाळीस किलोमीटर होता तरी. तुम्हालाही विचारतील. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण आधी ठरवून जा. भुकेल्या पोटी ऐन वेळी जीभ अडखळते.

आणि शेवटी कागद. उस्तादच्या पायाचं काय झालं सांगतो. कामावर असताना इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा १९२३ पासून होता. आता तोही नव्या संहितेत गेलाय, पण भरपाई आहेच. फक्त आधी सिद्ध करावं लागतं की तुम्ही त्याच्याकडे कामाला होता. मालक म्हणाला, हा माझा ड्रायव्हर नव्हता. रस्त्यात कुणीतरी गाडी मागितली, दिली. तीन वर्षं त्याची गाडी हाकणारा माणूस, आणि तो कुणीतरी! पगार रोख. नेमणुकीचा कागद नाही. ई-वे बिलावर गाडीचा नंबर असतो, ड्रायव्हरचं नाव नसतं. गोदीच्या गेटपासवर उस्तादचं नाव होतं, तारीख होती, गाडीचा नंबर होता. तीन वर्षांत कितीतरी पास झाले असतील. उस्ताद ते फाडून त्याच्यात तंबाखू बांधायचा.

मी साक्ष दिली. माझ्याकडेही कागद नव्हता. तूच कोण, असं मला विचारलं.

तेव्हा पगार बँकेत घ्या, थोडा कमी मिळाला तरी. गेटपास, बिल्टी, काट्याची पावती, सगळ्यांचे फोटो काढून घरी पाठवा, बहिणीच्या फोनवर, आईच्या फोनवर. गाडीच्या विम्याचा आणि आरसीचा फोटोही. अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात पोचवायचं, ही कायद्याने तुमची जबाबदारी आहे. जमाव मारायला धावत असेल तर जीव वाचवा, कायदाही तेवढी मोकळीक देतो, पण थेट पोलिस ठाणं गाठा, ११२ ला फोन लावा, हायवेवर असाल तर १०३३. पळून घरी जाऊ नका. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी देशभर चाकं थांबवली ती याच कलमासाठी, न कळवता पळालेल्याला दहा वर्षं. १ जुलै २०२४ ला नवा कायदा आला तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं. म्हणजे चाकं थांबवली की काय होतं ते तुम्ही बघितलंय.

उस्ताद आता गावाकडे पंक्चरचं दुकान टाकून बसलाय. मी गेलो होतो. त्याने मला दोष दिला नाही. पाना घेऊन एका टायरवर मारला आणि म्हणाला, सांग किती हवा. मी बरोबर सांगितलं.

आज रात्री आमची पाळी आहे, जहाज लागलंय. तुमच्यातले जे पुढच्या आठवड्यात क्लीनर म्हणून चढणार आहेत, ते पाळी सुटताना सकाळी गेटबाहेर चहाच्या टपरीवर या. दोर मी आणतो. ताडपत्रीची गाठ बोलून शिकवता येत नाही.