छातीच्या हाडाची नावे



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत उभा राहिला म्हणजे तो वेतन, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, असे लोक धरून चालतात. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘छातीच्या मधल्या हाडाची नावे’ असे कळवले. त्यांनी खात्रीसाठी पुन्हा विचारणा केली. आम्ही तेच उत्तर पाठवले. आम्ही वैद्य नाही आणि भाषापंडित तर नाहीच नाही. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकांवर आणि कामगारांच्या नुकसानभरपाईचे कागद वाचता वाचता झाले. त्या कागदांतच हे हाड आम्हांला वारंवार भेटले. विषयाचा आणि आमचा संबंध एवढाच, पण तो जुना आहे.

प्रथम हाडाची ओळख करून घेऊ. गळ्याच्या तळाशी मधोमध एक खाच आहे. तेथे बोट ठेवा. संकोच करू नका, सगळेच ठेवणार आहेत. आता बोट हळूहळू खाली सरकवा. तीन बोटांच्या अंतरावर एक आडवा उंचवटा लागेल. तो ओलांडला की लांबट, सपाट हाड लागते. आणि अगदी शेवटी, जेथे बरगड्या दोन्ही बाजूंना फाकतात तेथे, एक लहानसे टोक बोटाला जाणवते. खाचेपासून उंचवट्यापर्यंत एक भाग, त्याखाली दुसरा, आणि टोक हा तिसरा. सगळे मिळून वीतभराहून थोडे कमीच. डॉक्टर याला स्टर्नम म्हणतात, आणि मुलांच्या शास्त्राच्या पुस्तकांत ते उरोस्थी होते.

स्टर्नम हा शब्द लॅटिनमार्गे आला तरी मूळचा ग्रीक. ग्रीकांचा ‘स्टेर्नॉन’ म्हणजे छाती. होमरच्या काव्यांत योद्ध्यांच्या छातीला हाच शब्द आहे. नुसत्या हाडासाठी तो नंतर रूढ झाला. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध ‘पसरणे’ या अर्थाच्या एका फार जुन्या धातूशी लावतात. हा धातू आपल्याही घरचा आहे. संस्कृतात तो ‘स्तृ’. विस्तार, स्तर, प्रस्तर, आस्तरण हे सगळे त्याचेच कुटुंब. लॅटिनमध्ये त्याच कुळातून फरसबंदी केलेल्या वाटेचे नाव निघाले आणि त्यातून इंग्रजांचा ‘स्ट्रीट’ आला. म्हणजे दवाखान्याच्या कागदावरचा स्टर्नम, दवाखान्यासमोरची स्ट्रीट आणि आपल्या कारखान्याचा विस्तार ही एकाच घरातली माणसे ठरतात. फरक इतकाच, की विस्ताराला कोणी घाबरत नाही आणि स्टर्नमला घाबरतात.

आता त्या तीन भागांची नावे पाहू. येथे खरी गंमत आहे. वरच्या भागाला मॅन्युब्रियम म्हणतात. लॅटिनमध्ये ‘मानुस’ म्हणजे हात, आणि हातात धरायचा तो मॅन्युब्रियम, म्हणजे मूठ किंवा दांडा. विळ्याचा असो, चाकूचा असो, नाही तर तलवारीचा. मधल्या लांब भागाला जुन्या पुस्तकांत ग्लॅडिओलस म्हणत. ‘ग्लॅडियस’ ही रोमन सैनिकाची आखूड तलवार, आणि ग्लॅडिओलस म्हणजे लहान तलवार. लग्नसमारंभात टेबलावर उंच दांड्याची ग्लॅडिओलसची फुले ठेवतात, त्यांचेही नाव हेच. त्या झाडाची पाने तलवारीसारखी असतात म्हणून. आखाड्यात एकमेकांचे प्राण घेणारे ग्लॅडिएटर तेही याच तलवारीचे. आज डॉक्टर या भागाला नुसते ‘बॉडी’ म्हणतात आणि बिचारी तलवार म्यानात गेली आहे. शेवटच्या टोकाला मात्र अजून झिफॉइड म्हणतात. ग्रीक ‘झिफॉस’ म्हणजे तलवार. झिफॉइड म्हणजे तलवारीसारखे. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्यांनी त्याचेच ‘एन्सिफॉर्म’ असे भाषांतर केले, आणि त्यातला ‘एन्सिस’ हा आपल्या संस्कृत ‘असि’चा सख्खा भाऊ आहे. दोन्हींचा अर्थ तलवार.

तेव्हा वर मूठ, मध्ये पाते आणि खाली टोक. ज्यांनी ही नावे दिली त्यांच्या डोळ्यांसमोर रोजच्या वापरातले हत्यार होते. दुसऱ्या शतकातला मोठा वैद्य गॅलेन तरुणपणी आपल्या पर्गामम गावी ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. तलवारीने उघडी पडलेली छाती त्याला नवी नव्हती. पुढे रोममध्ये मात्र माणसाचे प्रेत फाडून पाहण्याची सोय नसल्यामुळे त्याने माकडे, डुकरे अशा जनावरांची चिरफाड करून ज्ञान मिळवले, आणि उरोस्थीचे सात तुकडे असतात असे लिहून ठेवले. माकडात तसे तुकडे दिसतात. त्यानंतर तेराशे वर्षांहून अधिक काळ युरोपातले विद्वान सातच शिकवत राहिले. १५४३ साली व्हेसेलियस नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या शिक्षकाने माणसाच्या शरीररचनेवरचा आपला ग्रंथ छापला, आणि प्रत्यक्ष प्रेते पाहून सांगितले की माणसात भाग तीनच. त्याचे जुने गुरू सिल्व्हियस खवळले. गॅलेन चुकला हे त्यांना मान्य होईना. गॅलेनच्या काळानंतर माणसाचे शरीरच बदलले असावे, इथपर्यंत त्यांनी मजल मारली. वाटाघाटींच्या टेबलावर आम्ही असे युक्तिवाद पुष्कळ ऐकले आहेत. वही बरोबर असते, हजेरीला उभी असलेली माणसेच चुकीची असतात.

या टोकाची एक हकीकत सांगतो. बाजारपेठेत पोती वाहणारा आमचा एक सभासद काही महिने खंगत चालला होता. भाकरी कमी झाली आणि बोलणे तर जवळजवळ बंद झाले. बायकोने आमच्या कार्यालयात येऊन सांगितले, तेव्हा कळले की अंघोळ करताना छातीच्या खाली त्याच्या बोटांना टणक गाठ लागली होती. गावातल्या एकाला अशीच गाठ निघाली आणि तो वर्षात गेला, हे त्याने पाहिले होते. आम्ही त्याला एका दवाखान्यात धाडले. तेथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, हसले, ‘झिफॉइड आहे’ म्हणाले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. आमचा माणूस घरी गेला तो आपल्याला झिफॉइड झाला आहे असे समजून! ‘किती दिवस काढतो माणूस यात?’ असे त्याने आम्हांला विचारले. डॉक्टर खोटे बोलले नव्हते, घाईत होते. पण त्या एका शब्दाने बरा माणूस आजारी राहिला. त्याच आठवड्यात वाचनालयातला वैद्यकीय कोश काढून आम्ही हा शब्द फोडला, त्याच्या बोटाखाली आमचे बोट ठेवून ‘हे तुझ्या हाडाचे टोक आहे, माझेही आहे, बघ’ असे दाखवले, तेव्हा तो त्या दिवशी जेवला. हे टोक तरुणपणी मऊ कूर्चेचे असते आणि चाळिशीच्या सुमारास त्याचे हाड होऊ लागते. त्यातून माणूस रोडावला की ते जास्त हाताला लागते. म्हणून अनेकांना ते त्या वयात ‘नवीन आले’ असे वाटते.

आता आपल्याकडे वळू. चरकाने शरीरातली हाडे ३६० मानली, सुश्रुताने ३००. आजचे शास्त्र प्रौढ माणसात २०६ मोजते. छातीची हाडे चरकाच्या गणनेत १४ आणि सुश्रुताच्या गणनेत ८. यावरून आपले पूर्वज न पाहताच लिहीत होते असे कोणी म्हणेल तर तो अन्याय होईल. सुश्रुताने प्रेत वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवून सात दिवसांनी वाळ्याच्या कुंच्याने थर काढत काढत आतले अवयव डोळ्यांनी पाहावेत, असे स्पष्ट सांगितले आहे. हाडांचे त्याने पाच प्रकार केले आणि त्यांत ‘तरुण’ म्हणून कूर्चेलाही हाडांतच धरले. दातही हाडांतच मोजले. मोजमापाचा गजच निराळा, मग आकडा निराळा येणारच. शिवाय मूल जन्मते तेव्हा हे हाड अखंड नसते. मधल्या भागाचे चार तुकडे असतात आणि ते वयात आल्यापासून पंचविशीपर्यंत हळूहळू सांधत जातात. कोणत्या वयाचे शरीर पाहिले यावरही मोजणी अवलंबून राहते.

आयुर्वेदाच्या पाठ्यपुस्तकांत या हाडाला उरःफलक म्हणतात. फलक म्हणजे फळी, हे आपल्याला ठाऊक आहे. दुकानावरचा फलक तोच. पण आपट्यांचा संस्कृत कोश उघडला तर फलकाचा आणखी एक अर्थ सापडतो, तो म्हणजे ढाल. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ तसेच बसलो होतो. एकाच हाडात एकाला तलवार दिसली आणि दुसऱ्याच्या शब्दात ढाल दडलेली. यावरून तिकडचे लोक लढवय्ये आणि आपण सोशिक, असला सिद्धान्त काढण्याचा मोह कोणाला होईल. आम्हांला तो पटत नाही. ग्रीकांनीही सगळ्या छातीला ‘थोरॅक्स’ म्हटले, आणि थोरॅक्स म्हणजे छातीवर बांधायचे चिलखत. आणि हाडाच्या कामाचे पाहिले तर ढालच जास्त खरी. तिच्यामागे हृदय आहे.

मूळ शब्द उरस्. त्याची संतती पाहा. छातीवर सरकत जातो तो उरग, म्हणजे साप. आणि औरस? कोर्टात वारसाहक्काच्या भांडणात हा शब्द तुम्ही ऐकला असेल. औरस पुत्र म्हणजे स्वतःच्या उरापासून झालेला. एवढा मोठा कायदा या वीतभर हाडावर उभा आहे. मराठीत उरस्‌चा ऊर झाला आणि त्याच्या शेजारी छाती येऊन बसली. दोघे एकाच जागी राहतात, पण कामे वाटून घेतली आहेत. ऊर भरून येतो, ऊर दाटतो, लेकराला उराशी धरतात, मेल्यावर ऊर बडवतात. छाती मात्र होते किंवा होत नाही. माणूस छातीठोक बोलतो, संकटात छातीचा कोट करतो. संपाच्या सभेत आम्ही तीस वर्षे ‘छाती’ वापरत आलो आणि शोकसभेत ‘ऊर’. कोणी शिकवले नव्हते. कष्टाच्या बाबतीत मात्र मराठीने निवाडा स्पष्ट दिला आहे. माणूस ऊर फुटेपर्यंत काम करतो, छाती फुटेपर्यंत नाही.

बरगड्यांचे एक वाक्यात उरकतो, नाही तर वेळ जाईल. वरच्या सात जोड्या उरोस्थीला थेट जोडलेल्या, त्यांना लॅटिनमध्ये ‘खऱ्या’ बरगड्या म्हणतात. खालच्या पाच जोड्या ‘खोट्या’, कारण त्यांतल्या तिघी वरच्या बरगडीच्या कूर्चेचा आधार घेऊन उरोस्थीपर्यंत पोचतात आणि दोन तर मोकळ्याच राहतात. मुकादमामार्फत कामावर लागलेल्याला ‘खोटा कामगार’ ठरवण्याची रीत केवळ कारखान्यांतच नाही, एवढे यावरून दिसते.

शेवटी या हाडाचा एक उपयोग सांगतो, जो गॅलेनला आणि सुश्रुताला ठाऊक नव्हता. विजेच्या खांबांवर काम करणारे तारवाले धक्का लागून मरत. अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी १९२०च्या दशकात या मृत्यूंवर संशोधनासाठी पैसा पुरवला. त्या कामात पडलेला विल्यम कौवेनहोवेन हा डॉक्टर नव्हता, वीज अभियंता होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्याचा साहाय्यक निकरबॉकर याच्या लक्षात आले की विजेच्या उपकरणाचे पत्रे कुत्र्याच्या छातीवर नुसते दाबले तरी रक्ताचा दाब वाढतो. शल्यवैद्य जेम्स ज्यूड त्यांना मिळाला आणि १९६० साली तिघांनी जाहीर केले की छाती न उघडता, उरोस्थी तळहाताने दाबून, थांबलेल्या हृदयाचे काम चालवता येते. उरोस्थी आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये हृदय दाबले जाते. मोठ्या माणसात मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दाब सोडल्यावर छाती पुरती वर येऊ द्यायची. जागा कोणती, तर उरोस्थीचा खालचा अर्धा भाग. टोकावर दाबायचे नाही. टोक आत गेले तर त्यामागच्या यकृताला इजा होऊ शकते.

आमच्या भागातल्या एका कारखान्यात ही माहिती भिंतीवर लावली होती, इंग्रजीत. आम्ही ती मराठीत मागितली. व्यवस्थापनाने हरकत घेतली नाही; मसुदा तुम्हीच द्या म्हणाले. मग खरी अडचण सुरू झाली, कारण आमच्याच समितीत दोन बैठका एका शब्दावर गेल्या. एकाचे म्हणणे, शास्त्रीय शब्द उरोस्थी, तोच हवा. मुले शाळेत तोच शिकतात. दुसरा म्हणे, पडलेल्या माणसाजवळ धावून आलेला हेल्पर उरोस्थी म्हणजे काय हे कोणाला विचारत बसणार? आम्ही मूठ, पाते आणि टोक यांची गोष्ट सांगितली. ती सर्वांना आवडली, पण फलकावर गोष्ट मावत नाही. अखेर यंत्रशाळेतल्या एका जुन्या फिटरने खडूने जमिनीवर छाती काढली आणि मजकूर सांगितला, तो तसाच रंगवून घेतला. ‘छातीच्या मधल्या हाडावर, खालच्या अर्ध्या भागात, तळहाताने दाबा. हाडाच्या टोकावर दाबू नका.’ त्याखाली, पहिल्या गृहस्थांच्या समाधानासाठी, बारीक अक्षरांत ‘उरोस्थी’ असेही लिहिले आहे.