बी वाहून नेणारं कासव



आम्ही कोथरूडकर. वेताळ टेकडी आम्हाला घरच्या अंगणासारखी. सकाळी फिरायला येणारे आम्ही काहीजण दर पावसाळ्यात तिथे रोपं लावतो, उन्हाळ्यात कॅन भरभरून पाणी नेतो. तरी निम्मी रोपं जळतात. हे दुखणं मनात असतानाच मी भाचीकडे मॉरिशसला गेले. तिथल्या एका दिवसाची ही हकिगत.

मॉरिशस म्हणजे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट. भूशास्त्रज्ञ सांगतात, की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा काळा पाषाण आला, त्यातूनच पुढे कधीतरी मॉरिशस घडलं. म्हणजे आमच्या टेकडीचं ते धाकटं भावंडच!

माहेबूर गावाजवळून आम्ही होडीने इल-ओ-झेग्रेत या छोट्या बेटावर गेलो. जेमतेम २६ हेक्टरांचं हे बेट मात्र प्रवाळाच्या चुनखडीचं. आमचा वाटाड्या तरुण होता. मी पुण्याची म्हटल्यावर तो मराठीत म्हणाला, "काकी, आमचे पूर्वज रत्नागिरीचे." ऊसमळ्यांवर करारावर आणलेल्या कोकणी माणसांचा हा वंशज. घरी क्रिओल बोलणारा, पण मराठी शाळेत शिकलेला.

झाडीत शिरलो आणि वाटेतला एक धोंडा हलला. ते महाकासव होतं! या जातीचे नर अडीचशे किलोपर्यंत वाढतात. ते पाचोळ्यातली फळं शांतपणे चघळत होतं. आमच्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि पुन्हा खायला लागलं. पुढे एक गुलाबी कबुतर दिसलं. १९९०च्या सुमारास जंगलात ही कबुतरं दहाएकच उरली होती. आज ती काही शेकडा आहेत.

"ही कासवं इथलीच ना?" मी विचारलं.

"नाही काकी, हीसुद्धा बाहेरून आणलेली."

मग त्याने सगळं सांगितलं. मॉरिशसची स्वतःची महाकासवं दोन जातींची होती. १५९८मध्ये डच आले, मग फ्रेंच. ही कासवं महिनोन्महिने अन्नाशिवाय जगत, म्हणून खलाशी त्यांना जिवंतच जहाजावर चढवीत; ताज्या मांसाची सोय! पुढे उंदीर, डुकरं आली. डोडो गेला, तशी दोन्ही जातींची कासवंही गेली. दूरच्या अल्दाब्रा बेटावरची कासवं तरी वाचावीत म्हणून १८७४मध्ये डार्विन आणि इतर शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं. ती वाचली. कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात २००६मध्ये गेलेला 'अद्वैत' त्याच जातीचा.

पण कासवं संपली, तेव्हा झाडांचंही नुकसान झालं. इथला आबनूस आपल्या टेंभुर्णीच्या गोत्रातला. त्याची जड फळं झाडाखालीच पडत; दूर नेणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून २०००मध्ये अल्दाब्राची कासवं इथे आणली. ती फळं खातात, चालत जातात आणि विष्ठेतून बी टाकतात. अभ्यासात दिसलं, की त्यांच्या पोटातून आलेलं बी अधिक चांगलं रुजतं. जिथली झाडं सरपणासाठी तोडली होती, तिथे पुन्हा आबनूसाची रोपं उगवली.

वाटाड्या हसून म्हणाला, "आम्हाला उसासाठी आणलं, यांना झाडांसाठी. आता दोघंही इथलेच."

त्या वाक्यावर मला हसू आलं आणि गलबलूनही आलं.

परत आल्यावर टेकडीवर गेले, तेव्हा प्रथमच रोपांऐवजी बी नेणाऱ्यांकडे पाहिलं. लिंबोळ्या खाणारे बुलबुल, उंबरावरची वटवाघळं. आपण टेकडीवर गिरिपुष्प भरमसाट लावलं. त्याच्या कोरड्या शेंगांत या पाखरांना खायला काय आहे? यंदा आमच्या गटाने ठरवलंय, रोपं थोडीच लावायची, पण उंबर, कडुनिंब, बोर अशी, पाखरांना बोलावणारी. पाणी आम्ही घालूच. पुढची लागवड मात्र पाखरं करतील.